दोन वर्तुळांमधलं गाव

उपग्रहाचा अँटेना बनवणारी बाई म्हणून गावात माझा भलताच तोरा होता. ऐंशीच्या दशकातल्या त्या सुटीत तर मी आराखड्याची गुंडाळी काखेत मारूनच घरी आले.

आमचं काम असं: उपग्रहावर एकच मोठी तबकडी, तिच्यासमोर संदेश फेकणारे बरेच छोटे कर्णे, आणि प्रत्येक कर्ण्याचा झोत जमिनीवर वेगळ्या ठिकाणी पडणार. कागदावर एका झोताचं एक वर्तुळ. वर्तुळाच्या मध्याला संदेश जोरकस, दोन वर्तुळं भेटतात तिथं निम्माच. म्हणून मध्य मोठ्या शहरांवर ठेवायचे आणि सांधा 'रिकाम्या' जागी टाकायचा. नकाशाही उपग्रहावरून जमीन दिसेल तसा, नुसत्या अंशांच्या आकड्यांचा. मोठी शहरं सोडली तर त्यावर नाव म्हणून नव्हतं.

आबा, म्हणजे माझे वडील, गावच्या दूध संस्थेचे चिटणीस. माझ्या शब्दावर त्यांनी सभासदांना सांगून ठेवलं होतं, की संस्थेच्या पत्र्यावर छोटी तबकडी बसणार आणि वैरणीची, जनावरांच्या रोगांची माहिती थेट आभाळातून टीव्हीवर येणार.

चष्मा लावून त्यांनी विचारलं, "आपलं गाव कुठंय ह्यात?"

मी ऐटीत आकडे मोजत बोट सरकवलं. बोट थांबलं. नेमकं सांध्यावर! मुंबईचं वर्तुळ तिथं संपत होतं, हैदराबादचं तिथं सुरू होत होतं. पुन्हा मोजलं. तेच. ज्या जागेला मी सहा महिने रिकामी म्हणत होते, तिथंच बसून मी चहा पीत होते. माझाच माझ्यावर विश्वास बसेना.

"इथं चित्र धड दिसायचं नाही, आबा," मी कसंबसं म्हणाले. "रेघ मीच मारलीय."

ते चिडले नाहीत. "बहात्तरच्या दुष्काळात पाण्याचा टँकर शिवंवरनं माघारी जायचा. ह्या तालुक्याचे म्हणायचे, गाव त्या तालुक्याचं. त्या तालुक्याचे म्हणायचे, ह्यांचं. मला वाटायचं, कुणीतरी आपल्यावर डूक धरलाय. तसं न्हाय दिसत. असंच कुणीतरी कागदावर रेघ मारली आसंल, तुज्यासारख्या शिकलेल्यानं."

तुझ्यासारख्या! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सरकवते मी ती," मी म्हणाले.

"सरकव. पर जिथं नेशील, तिथल्या गावाचं नाव इचारून ने."

सुटी संपल्यावर मी रेघ सरकवली, साहेबांची सहीही मिळवली. ती जिथं गेली, तिथलं एकही गाव मला आजतागायत माहीत नाही. विचारायची हिंमतच झाली नाही.