मार्थाबाईंची वाचा

मार्थाबाई रणनवऱ्यांच्या तोंडून मी शिवी ऐकली, त्या दिवशी मी त्यांना भेटायला पपई घेऊन गेलो होतो. फेब्रुवारीत त्यांना लकवा मारला होता. उजवा हात, उजवा पाय गेला होता. पुण्याच्या दवाखान्यात तीन आठवडे काढून त्या नुकत्याच शिरूरला घरी आल्या होत्या. त्यांचा मुलगा शमुवेल यानं फोनवर सांगितलं होतं की आईला सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही.

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसलो. म्हणालो, "बाई, मी सायमन. ओळखलं का?"

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. ओळखल्याचं डोळ्यांत दिसलं. ओठ दोनतीनदा हलले आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या, "रांडेच्या."

शमुवेल खाली फरशीकडं बघायला लागला. त्याची बायको रुपाली माझ्या हातातली पपई घेऊन आत गेली. बाईंनी डावा हात तोंडावर दाबून धरला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मी काहीतरी बोलून बाहेर पडलो. गाडीला किक मारून निघालो. बाप गेला तेव्हाही मी एवढा हललो नव्हतो.

ही बाई कोण होती, ते सांगायला हवं. बाई पस्तीस-छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यातली बरीच तळेगाव ढमढेऱ्यात, रोज एसटीनं जाऊन येऊन. रविवारी मात्र त्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या; चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. सकाळी रविवारची शाळा, मग उपासनेत गायनमंडळ. मी चौदा वर्षांचा असल्यापासून तिथं पेटी वाजवतो, आता चाळिशीला आलो. या सगळ्या वर्षांत बाईंच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही नवं गीत देवळात म्हटलं गेलं नाही. एखाद्या गीतात 'साजण' आला की त्यांची पेन्सिल चालायची. तरुण संघानं एकदा सिनेमाच्या चालीवर येशूचं गीत बसवलं. शब्द सगळे चांगले होते. बाई म्हणाल्या, चाल ऐकली की मूळचे शब्द आठवतात, जीभ गप्प राहिली तरी मन ते म्हणतंच. गीत रद्द झालं.

तीन वर्षांपूर्वीच्या नाताळात पोरांनी एका इंग्रजी गाण्यावर नाच बसवला होता. गाण्यात येशूचं नाव येत होतं, तेवढ्यावर सगळे खूश. बाईंनी गाणं मोबाईलवर लिहून मागितलं, डिक्शनरी घेऊन बसल्या आणि पुढच्या रविवारी वही उघडून आम्हांला सांगितलं, "तिसऱ्या ओळीतला चौथा शब्द. सातव्या ओळीतला शेवटचा." शब्द उच्चारला नाही. पोरांनी घरी जाऊन शोधला आणि त्यांचे चेहरे उतरले. अशी बाई. आणि तिच्या तोंडात देवानं, की रोगानं, एवढा एकच शब्द शिल्लक ठेवला होता.

कारण दुसरा शब्द नव्हताच. पाणी हवं असलं तरी तोच, दिवा मालवायचा असला तरी तोच, नातवाला जवळ बोलवायचं असलं तरी तोच. दर वेळी तो बाहेर पडला की त्या स्वतःच दचकायच्या, जणू मागं उभ्या असलेल्या कुणीतरी दिलीय शिवी. पुण्याच्या दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या ताईंनी शमुवेलला समजावलं होतं. लकव्यात कधीकधी जुळवून बोलायचे शब्द जातात; आपोआप तोंडातून निघणारे राहतात. शिव्या त्यातल्याच. आणि गाणी मेंदूच्या दुसऱ्या बाजूला असतात, ती पण राहतात. आईंना गायला लावा, म्हणाल्या.

शमुवेलनं मला पेटी घेऊन बोलावलं. मी गायनपुस्तकातलं एक जुनं गीत काढलं, सूर धरला, आणि बाई गायल्या. पाचही कडवी, एक अक्षर न चुकता. आम्ही तिघंही रडलो. गीत संपल्यावर मी म्हणालो, "बाई, किती छान." त्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तोच शब्द आला, आणि हात तोंडावर गेला.

ईस्टरला त्या देवळात आल्या. व्हीलचेअर तिसऱ्या बाकाशेजारी लावली होती. गीतं सगळी म्हटली. लोक माना वळवून कौतुकानं पाहत होते. मग प्रभुभोजन झालं. पाळकसाहेब भाकर घेऊन त्यांच्यापाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मार्थाबाई, हे प्रभूचं शरीर." बाईंना 'आमेन' म्हणायचं होतं. मी पाच हातांवर होतो, ओठांची धडपड मला दिसली. आणि त्या शांततेत तो शब्द मागच्या बाकापर्यंत गेला.

पाळकांचा हात जागच्या जागी थांबला. कुणाचं तरी लहान पोर हसलं, त्याच्या पाठीत धपाटा बसला. बाईंनी भाकर घेतली नाही. शमुवेलनं व्हीलचेअर वळवली आणि उतरणीवरून बाहेर नेली. त्यानंतर तीन-चार महिने त्या आल्या नाहीत.

कमिटीत विषय निघाला. मी कमिटीवर आहे. पाळक म्हणाले की हा आजार आहे, डॉक्टरचा कागद आहे. उजागरे आप्पा आमच्यात सर्वांत वडील. ते म्हणाले, आजार कबूल, पण तोच शब्द का? चाळीस वर्षं प्रार्थना म्हटली त्या बाईनं, ती का नाही राहिली तोंडात? अंतःकरणात जे भरलेलं असतं तेच तोंडावाटे निघतं. खरं सांगायचं तर मलाही आतून तेच वाटत होतं. पाळकसाहेब त्या आठवड्यात बैठकीसाठी अहिल्यानगरला गेले, आणि आप्पांनी ठरवलं की घरी जाऊन बाईंवर प्रार्थना करायची, अशुद्ध आत्मा असेल तर निघून जाईल. मला पेटी घेऊन या म्हणाले. मी गेलो. मी नाही म्हणायला पाहिजे होतं.

आम्ही सहा जण होतो. शमुवेल कारखान्यात ड्यूटीवर होता. रुपालीनं दार उघडलं, सतरंजी टाकली आणि चहा ठेवायला आत गेली. बाई खुर्चीत होत्या. आप्पांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं त्या आत्म्याला निघून जायला सांगितलं. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं. बाईंना सगळं कळत होतं. ज्यांना त्यांनीच शिकवलं, ज्यांच्या बारशा-लग्नांत त्या उभ्या राहिल्या, ती माणसं त्यांच्या आतल्या कुणाशी तरी बोलत होती. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मला ती नजर सहन होईना, म्हणून मी पेटीचा भाता उघडला आणि जे बोटांत आलं ते वाजवायला लागलो. एका कोरसची, म्हणजे छोट्या स्तुतिगीताची, जलद चाल होती, टाळ्यांची. बायका टाळ्या वाजवायला लागल्या.

बाईंची मान हलायला लागली. आम्हांला वाटलं, प्रार्थना लागू पडली. त्यांनी डाव्या हाताचा ठेका मांडीवर धरला आणि आमच्या चालीतूनच सरकत दुसऱ्याच चालीत गायला लागल्या:

"इवायाच्या मिशीला लागलं लोणी,
इहीण म्हनती, रातीला चाटलं कोनी?"

माझी बोटं थांबली. त्या थांबल्या नाहीत. पुढचं कडवं याहून उघडं होतं, आणि त्याच्या पुढचं मी इथं लिहू शकत नाही. इवायाचं, म्हणजे व्याह्याचं धोतर, विहिणीची खाट, सगळं सगळं. बाईंच्या आवाजात, बाईंच्या शुद्ध सुरात. एक बाई उठून पदर डोक्यावर घेत बाहेर निघून गेली. आप्पांचा हात बाईंच्या डोक्यावरून केव्हाच निघाला होता.

रुपाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती मांडवगण फराट्याच्या धनगराची लेक. शमुवेलशी तिनं कोर्टात लग्न केलं, नंतर मंडळीत आली. सात वर्षांत सासूपुढं तिनं कधी गाणं गुणगुणलेलं मी ऐकलं नव्हतं. भांडी घासताना तोंडातून सूर निघाला की बाई पलीकडून खोकायच्या, असं शमुवेलच सांगायचा. ती म्हणाली, "ह्ये आमच्याकडं हळदीला म्हणत्यात. माझी आजी म्हणायची."

मग ती बाईंच्या खुर्चीजवळ येऊन खाली बसली आणि पुढची ओळ तिनं उचलली. बाईंनी तिच्याकडं पाहिलं. त्या हसल्या. लकव्यानं वाकडं झालेलं तोंड, पण हसल्या, फेब्रुवारीपासून पहिल्यांदा. दोघींनी मिळून गाणं शेवटपर्यंत नेलं. आम्ही पाच जण सतरंजीवर बसून होतो. चहा कुणी घेतला नाही.

शमुवेललाही काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक की दौंडला आईची एक मोठी बहीण आहे, गिताबाई, जिच्याकडं दिवाळीला जाऊन यायचं आणि फार बोलायचं नाही. त्यानं फोन केला. दोन दिवसांनी गिताबाई एसटीनं आल्या, नऊवारी नेसलेल्या, पिशवीत भोपळा आणि मेथी. बहिणीच्या गालावरून हात फिरवत त्यांनी तिला हाक मारली, "नकुशे."

मार्थाबाईंचं मूळचं नाव नकुशी होतं. चौथी मुलगी, म्हणून नको असलेली. त्यांची आई भीमेकाठच्या गावांत विहिणीच्या गाण्यांसाठी नावाजलेली होती. हळद असली की बैलगाडी पाठवून तिला न्यायचे, आणि ती समोरच्या पक्षाला असं काही धुवायची की माणसं हसून लोळायची. शिव्या त्याच गाण्यातल्या. सात-आठ वर्षांची नकुशी आईच्या मांडीला मांडी लावून बसायची आणि तिला सगळी गाणी पाठ होती. बाहत्तरच्या दुष्काळात बाप गेला, आईनं खडी फोडली, आणि नकुशीला शिरूरच्या मिशनच्या बोर्डिंगात आणून सोडलं. तिथं पोटभर मिळतं, असं ऐकलं होतं.

"पैल्या दिवशी पोरींनी इचारलं, गानं येतं का," गिताबाई म्हणाल्या. "हिला तीच येत व्हती. म्हनली. मोठ्या बाईंनी मिठाच्या पान्यानं तोंड धुवायला लावलं, वकारी व्हईस्तवर. आय भेटायला गेली तवा ही बोलंना तिच्याशी. पुन्हा कवा बोललीच न्हाई."

मार्थाबाई ऐकत होत्या. त्यांनी मान खाली घातली.

मिठाचं पाणी. माझ्या जिभेवर ती चव आली. रविवारच्या शाळेत आमच्यातल्या कुणी 'च्यायला' म्हटलं तर बाई तांब्यातलं मिठाचं पाणी द्यायच्या आणि बाहेर चूळ भरून यायला सांगायच्या. मी स्वतः दोनदा भरलीय. तेव्हा मला वाटायचं, हे सगळं कुठल्यातरी पुस्तकात लिहिलं असेल.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. गीतांमधून बाईंना रोजचे शब्द काही मिळत नव्हते. 'तारण' आणि 'करुणा' गाऊन कुणाला पाणी मागता येत नाही. पण हळदीच्या गाण्यात लोणी होतं, पाणी होतं, चूल, घागर, लुगडं, खाट होती. रुपालीनं ते हेरलं. ती कपडे वाळत घालताना एक ओळ म्हणायची आणि शेवटचा शब्द सोडून द्यायची, बाई तो भरायच्या. महिन्याभरानं गाण्याशिवाय 'पाणी' आलं. मग 'चूल'. पुण्याच्या ताईंनी ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, करताय तेच करत राहा. आता बाईंकडं चाळीस-पन्नास शब्द आहेत, आणि ते शाळेच्या मराठीतले नाहीत. न्हाई, व्हय, कवा, त्ये. पस्तीस वर्षं पोरांचं 'न्हाई' खोडून 'नाही' करणारी बाई आता 'न्हाई' म्हणते.

जुना शब्द गेलेला नाही. ऑगस्टपासून त्या देवळात येतात. प्रभुभोजनात पाळकसाहेब समोर आले की कधी 'आमेन' येतं, कधी तो येतो. पाळक भाकर धरून उभे राहतात, बाई ती घेतात. उजागरे आप्पांनी येणं बंद केलं. ते आता दुसऱ्या मंडळीत जातात. मी त्यांच्या घरी जाऊन आलो, ते चांगले बोलले, पण म्हणाले की त्यांच्या कानांतून ते गाणं जात नाही. माझ्याही जात नाही.

मी बाईंची माफी मागितली, त्या प्रार्थनेच्या दिवसाबद्दल. त्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला. त्यावरून माफी मिळाली की नाही ते मला सांगता येणार नाही.

डिसेंबरात तरुण संघाची पोरं त्यांच्या घरी गेली. मीही होतो. पोरांची कल्पना अशी की त्याच हळदीच्या चालीवर नाताळचं गीत बसवायचं, शब्द सगळे धुऊनपुसून, आणि बाई व रुपालीनं ते देवळात म्हणायचं. लोकांच्या मनातली अढी जाईल, असं त्यांना वाटत होतं. रुपालीला कल्पना आवडली होती.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. शब्द गोळा करायला त्यांना वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "देवळात न्हाई."

एका पोरानं समजावलं की शब्द बदलतोय आपण, वाईट काहीच राहणार नाही.

बाईंनी मान हलवली. "त्ये आयचं," म्हणाल्या. "बदलू नगा."

मग बाईंनी टेबलावरच्या गायनपुस्तकाकडं बोट दाखवलं. मी ते उघडून त्यांच्यापुढं धरलं, आणि नाताळसाठी कुठली गीतं घ्यायची ते त्या डाव्या हाताच्या बोटानं एकेक करून दाखवत गेल्या.