शेकडा नऊ आणि शेकडा साडेतीन

आमच्या वाडीच्या बचत गटाची पेटी आठ वर्षं माझ्याकडे आहे. चौदा बायका, आणि एकीचाही हिशोब आजवर रुपयाने चुकलेला नाही. हे मी बढाई म्हणून सांगतेय, कारण पुढे जे घडलं ते या बढाईमुळेच घडलं.

हायवे रुंद झाला तेव्हा सासूबाईंच्या नावावरची शेताची एक पट्टी गेली. मोबदला आला तो त्यांनी पोलादपूरच्या बँकेत ठेव म्हणून ठेवला. त्यातून त्यांना एकच गोष्ट करायची होती, घराला लागून संडास-बाथरूम. आमचा संडास परसाच्या टोकाला, दगडी पायऱ्या उतरून. मागच्याच्या मागच्या पावसात त्या तिथे घसरल्या आणि मी भाकऱ्या पोचवून येईपर्यंत चिखलात बसून राहिल्या. हाक मारायचीसुद्धा लाज वाटली, म्हणाल्या.

मी तांदळाच्या भाकऱ्या करून आंबेनळीच्या रस्त्यावरच्या हॉटेलांना देते. पीठ मळायचं मशीन आणि मोठी शेगडी घ्यायची होती, तेव्हा सासूबाईंनीच ठेव पुढे केली. त्या ठेवीवर बँकेने ओव्हरड्राफ्ट दिला. लागतील तसे पैसे काढायचे, येतील तसे भरायचे. गेल्या वर्षी जानेवारीत तिथे चाळीस हजार बाकी दिसत होते. ते फिटल्याशिवाय ठेव सुटणार नव्हती, आणि ठेव सुटल्याशिवाय गवंडी येणार नव्हता. शिमग्यानंतर आणि पावसाच्या आत एवढाच काय तो गवंड्यांचा हंगाम.

एका दुपारी मी बँकेचा कागद पुन्हा वाचला. व्याज नऊ टक्के. आता आमच्याकडे व्याज म्हटलं की महिन्याचं. गटात आम्ही शेकडा दोन घेतो, म्हणजे शंभराला महिन्याला दोन रुपये. सावकार शेकडा पाच घेतो. वर्षाचं व्याज कुणी बोलतच नाही. मी शेकडा नऊने हिशोब मांडला. चाळीस हजाराला महिन्याला छत्तीसशे, वर्षाला त्रेचाळीस हजार दोनशे. म्हातारीची ठेव माझं मशीन खाऊन टाकणार, असंच वाटलं. पासबुकात दरमहा तीनशेच्या आसपास रक्कम कापलेली दिसत होती. ती मी बँकेचा काहीतरी चार्ज समजले. खरा घाव मार्चअखेर बसणार, असं धरून चालले. शहाणपण जास्त झालं की असं होतं.

नवरा महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. त्याच्या पगाराच्या बँकेने त्याला क्रेडिट कार्ड दिलं होतं. ते कपाटात साडीखाली पडून होतं. त्याच्या कागदावर लिहिलं होतं, साडेतीन टक्के, दरमहा. मला हर्षच झाला. नऊपेक्षा साडेतीन कमी, हे पहिलीतलं पोरही सांगेल. नवऱ्याला विचारलं, तर तो सेकंड शिफ्टची पिशवी भरता भरता म्हणाला, "हिशोब तुझा. तू बोलशील ते बरोबर." दोन दिवसांत त्या कार्डाने एटीएममधून चाळीस हजार काढले, ओव्हरड्राफ्टात भरले आणि ठेव मोकळी करून घेतली. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, गवंडी बोलवा. त्यांनी त्याच संध्याकाळी परसात पावलं टाकून जागा मापली.

महिन्याने कार्डाचं बिल आलं. बेचाळीस हजार सहाशेच्या आसपास. रोकड काढल्याचा आकार, त्यावर कर, आणि व्याज पहिल्या दिवसापासून. मी तणतणत पोलादपूरच्या बँकेत गेले, कारण भांडायला तीच जवळ होती. तिथल्या अधिकारी बाई वयाने माझ्याहून लहान. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि स्लिपच्या मागे नऊ भागिले बारा लिहिलं.

"ताई, आमचे नऊ टक्के वर्षाचे आहेत. महिन्याला शेकडा पाऊण पडतात."

पाऊण. तीनशे रुपये महिन्याचं कर्ज उचलून मी चौदाशे रुपये महिन्याच्या घरात नेऊन ठेवलं होतं. यावर उपाय एकच होता. पुन्हा ओव्हरड्राफ्ट घ्यायचा आणि कार्ड पुरतं फेडायचं. पण त्याला सही सासूबाईंची लागणार होती.

त्या ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी समोर बसून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"म्हंजे ठेव परत अडकणार?"

"होय, आई."

"आणि बाथरूम?"

"यंदा नाय होणार."

त्यांनी उरलेल्या शेंगा सोलल्या. सूप भरलं, उठल्या आणि आत गेल्या. रात्री आपलं ताट त्यांनी आपणच वाढून घेतलं. मला खरंच भीती वाटली की ही बाई आता माझ्यावर कधी विश्वास ठेवणार नाही, आणि तिचं चूक आहे असंही म्हणता येणार नव्हतं.

सकाळी बघते तर त्या लुगडं नेसून, पासबुक पिशवीत घालून पहिल्या एसटीला तयार. बँकेत कागद पुढे आला. सहीआधी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि त्या बाईंना विचारलं, "नऊ हायत ते वर्षाचे की महिन्याचे, तेवढं सांग."

"वर्षाचे, आजी."

"मग दे इकडं."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "गटाची पेटी आता दुसरीकडं देते."

"दुसरीकडं कशाला गो? चुकलीस ती तू, तर तूच ठेव. दुसरी ती नव्यानं चुकल."

पुढच्या बैठकीत मी गटात सगळं सांगितलं. बायका मनसोक्त हसल्या. मग एकीने विचारलं, आपले शेकडा दोन म्हणजे वर्षाचे किती? मी चोवीस म्हटल्यावर हसू थांबलं. आता आम्ही शेकडा एक घेतो.

तो पावसाळा मी रोज सासूबाईंचा हात धरून पायऱ्या उतरले. पहिले काही दिवस मला मान वर करवत नव्हती. त्या मात्र वाटेत हॉटेलवाल्यांच्या उधाऱ्या विचारायच्या आणि कोणाला भाकरी रोखीनेच द्यायची ते ठरवून टाकायच्या. त्यांचं ऐकलं आणि वर्षाच्या आत ओव्हरड्राफ्ट फिटला, या वेळी भाकऱ्यांच्या पैशाने.

यंदा शिमग्यानंतर गवंडी आला. बांधकाम वाळल्यावर पहिल्या सकाळी सासूबाई आत गेल्या आणि कडी लावून घेतली. बराच वेळ झाला, तरी येईनात. मला राहवेना. दाराशी जाऊन विचारलं, "आई, बरं हाय ना?"

"बरं हाय," आतून आवाज आला. "तू जा, भाकऱ्या बघ. मला आज घाई नाय."