अडीच इंचाचं ऑपरेशन

कंधारच्या बाजारगल्लीत ब्लाउज शिवणाऱ्या महानंदाचं माप कधी चुकत नाही. बाई दारात उभी राहिली की तिला अंगाचा अंदाज येतो. तरी ती टेप लावते, कारण टेप लावल्याशिवाय गिऱ्हाइकाला खरं वाटत नाही. एकोणतीस वर्षं ती मशीनवर बसते आहे. रोज मशीनच्या आधी आणि नंतर घरातलं सगळं. दोन्हींना मिळून एक माणूस पुरतो, असं घरानं कधीच ठरवून टाकलं होतं.

जानेवारीत तिला मशीनवर बसल्या बसल्या धाप लागायला लागली. नांदेडला अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी रक्तवाहिनी अगदी तोंडाशी बंद होत आली होती आणि तिथं स्टेंट नीट बसणार नव्हता. बायपास करायचं ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं की एकच वाहिनी आहे, तेव्हा छातीचं हाड न कापताही होईल. डाव्या बाजूला, दोन बरगड्यांच्या मधून. छातीच्या आतलीच एक नळी उतरवून बंद जागेच्या पुढं जोडायची, हृदय चालूच ठेवायचं. मोठा काप हवा की छोटा, ते घरी विचारून कळवा म्हणाले.

तिनं घरी विचारलं नाही. लवकर हिंडाफिरायला कशानं येईल, एवढंच डॉक्टरांना विचारलं आणि छोटा सांगून टाकला. तिच्या डोळ्यांसमोर दीर होता. सिद्धलिंगाचं बायपास दोन वर्षांपूर्वी लातूरला झालं होतं, छातीचं हाड मधोमध कापून, पायातली शीर काढून. तीन महिने तो ओसरीतल्या खाटेवर होता. खोकला आला की उशी छातीशी धरायचा, अंगावर रुंद पट्टा. पाणीसुद्धा हातात आणून द्यावं लागायचं. देणारे हात बहुतेक महानंदाचे होते. आपण तीन महिने पडलो तर पाणी कोण देईल, हा हिशेब तिनं दवाखान्यातच केला होता.

ऑपरेशननंतर सातव्या दिवशी ती घरी आली. आठव्या दिवसापासून माणसं विचारपूस करायला येऊ लागली. मोसंबी, बिस्किटाचे पुडे, नारळ. पहिला प्रश्न ठरलेला, टाके कुठंयत. सिद्धलिंगाच्या वेळी हा प्रश्न सुटसुटीत होता. तो सदऱ्याची बटणं काढायचा आणि गळ्यापासून बेंबीच्या वरपर्यंतची रेघ बघून माणसं जागेवरच हळहळायची. महानंदाचा काप डाव्या स्तनाच्या खाली. पुरुषांना दाखवायचा प्रश्नच नव्हता. बायकांना आत नेऊन दाखवला, तर बिलोलीची मावससासू वाकून बघत म्हणाली, "एवढंच? माझ्या सुनेचं सिझेरियन ह्याच्यापरीस मोठं हाय." मग ती ओसरीत जाऊन बसली आणि तिच्यासाठी चहा महानंदानंच टाकला.

त्या दिवशी न्हाणीत महानंदानं टेप लावून बघितला. अडीच इंच. ब्लाउजच्या बाहीला ती ह्याहून जास्त दुमड सोडत होती.

पण दुखायचं ते आत, बरगड्यांत. आत जायला वाट करताना बरगड्या फाकवाव्या लागतात, म्हणून सुरुवातीला हे जास्त दुखतं, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. डावा हात वर केला की कुणीतरी आत सुई मोडून ठेवल्यासारखं व्हायचं. कार्डावर लिहिलं होतं की दोन आठवड्यांनंतर हलकी कामं चालतील, सहा आठवडे जड उचलणं आणि हाताला जोर लागेल असं काम नको. नवरा मन्मथ हे कार्ड येईल त्याला वाचून दाखवायचा, पण पहिल्या ओळीपर्यंतच. झाडणं हलकं. भाकरी हलकी. धुणं तर मशीनच धुतं, वाळत घालायचं काय जड.

सासूचा समज वेगळाच होता. विठाबाईला कुणीतरी सांगितलं होतं की हे दुर्बिणीचं असतं. दुर्बिणीचं म्हणजे तिला एकच माहीत, कुटुंबनियोजनाच्या शिबिरातलं. गल्लीतल्या बाया एका जीपमध्ये बसून जायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. "चौथ्या दिवशी आम्ही खुरपायला जाऊन राहिलो होतो," ती सांगायची. महानंदा म्हणाली, आत्याबाई, ते पोटाचं, हे काळजाचं. त्यावर विठाबाईनं विचारलं, "मग काळजाचं एवढ्याशा भोकातून कसं होईल?"

आणि तेविसाव्या दिवशी, रविवारी, तिनं पाच किलो गहू भिजत घातले. कुणालाही न विचारता.

तनुजाच्या, म्हणजे महानंदाच्या लेकीच्या, निलंग्याच्या सासरी दरसाल ह्या घरच्या कुरडया जातात आणि कुरडयांचा चीक दरसाल महानंदाच हाटते. तीन दिवस भिजलेले गहू वाटायचे, चीक गाळून निवळू द्यायचा, आणि सकाळी ऊन व्हायच्या आत उकळत्या पाण्यात ओतून लाकडी चाटूनं हाटायचा. दोन्ही हातांनी, पातेल्यावर ओणवं होऊन, न थांबता. थांबलं की गाठी. शेवटी शेवटी चाटू फिरवताना भल्या दांडग्या बाईच्या खांद्यातून कळ निघते. गहू भिजलेत म्हणजे गुरुवारी सकाळी चीक हाटायचा, हे महानंदाला पातेलं बघूनच कळलं. आपल्याला तो हाटायचा नाही, हेही तिनं तिथंच ठरवलं. फक्त ते घराला पटवायचं होतं.

सोमवारी तिनं मन्मथला सांगितलं. तो म्हणाला, पाच मिनिटांचं तर काम. वीस मिनिटांचं आहे, ती म्हणाली. तो म्हणाला, तेच ते.

मंगळवारी तिनं त्याच्यासमोर दवाखान्यात फोन लावला. फोनवरची सिस्टर केरळची होती. तिला कुरडई सांगता सांगता महानंदा घामाघूम झाली. गहू, चीक, पातेलं, चाटू. सगळं ऐकून सिस्टर मोडक्या मराठीत म्हणाली की अजिबात नाही करायचं, आणि मग तिनं विचारलं की ऑपरेशनच्या महिन्यात हे करायचंच कशाला. फोन ठेवल्यावर मन्मथ म्हणाला, "दवाखानेवाले भ्यावच दावतात. आणि तिला कुरडई काय ठावं?"

बुधवारी तिनं जावेला, सिद्धलिंगाच्या वर्षाराणीला, विचारलं. वर्षाराणी गहू वाटत होती. मान वर न करता म्हणाली, "अक्का, मी हाटते. पर आत्याबाईंना तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर तुम्हाला पाडून स्वतःचं मोठेपण करून राहिली म्हणतील." महानंदानं सांगितलं. विठाबाई म्हणाली, वर्षाराणीच्या हातच्या गाठी निलंग्याला पाठवू का? आणि मग, जरा मऊ होऊन, "सिद्धलिंगासारखं हाड कापलं असतं तर मी तुला चुलीजवळ येऊ दिलं असतं का?"

दुपारी महानंदा मशीनवर बसली. कापडाच्या गाठोड्यातून अस्तराचं जाड कापड काढलं, कॉलरीत घालतात ते कडक कॅनव्हास घेतलं. डाव्या हातानं कापड सरकवताना दोनदा थांबावं लागलं. हलकं काम. सहा इंच रुंद पट्टा, पुढून सात हुक. सिद्धलिंगाचा पट्टा तिनंच तीन महिने धुतला होता, त्यामुळं माप बघायची गरज नव्हती. तिच्या डॉक्टरांनी तिला पट्टा सांगितला नव्हता. तिचं हाड कापलेलं नव्हतं, बांधायला काही नव्हतंच.

गुरुवारी सकाळी ती पदरावरून पट्टा बांधून बाहेर आली आणि ओसरीतल्या खाटेवर जाऊन पडली. सिद्धलिंगाच्या खाटेवर.

विठाबाई आत पातेल्यापाशी होती, ती दारात आली. तिनं पट्ट्याकडे बघितलं, मग मन्मथकडे. काय झालं, दवाखान्यानं पाठवला का, असं तिनं त्याला विचारलं. मन्मथनं अर्धवट मान हलवली, ती होकाराची वाटली. विठाबाईनं पदर तोंडाला लावला. मग तिनं वर्षाराणीला हाक मारली आणि चाटू तिच्या हातात दिला.

सिद्धलिंग दात घासत बाहेर आला. खाटेशी थांबून त्यानं पट्टा नीट न्याहाळला. "वैनी," तो म्हणाला, "आता खरं वाटून राहिलं." तो चेष्टा करत नव्हता. त्यानं आतून स्वतःची उशी आणली आणि तिच्या छातीशी ठेवली, खोकला आला की अशी धरायची, असं दाखवून.

सत्तावीस दिवसांचे टाके, कार्ड, फोन, ह्या सगळ्यांनी जे झालं नाही ते सहा इंच अस्तरानं केलं. तिला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. आतून चाटूचा आवाज येत होता. लय मोडली की तिला कळत होतं, आता गाठ झाली. आता आणखी एक. वर्षाराणी एकदा "आई गं" म्हणाली, हातावर वाफ आली असावी. घरातले दोन्ही पुरुष ओसरीत बसून उन्ह चांगलं पडेल का ते बोलत होते.

पट्ट्याची खालची कड नेमकी कापावर येत होती. घातल्यापासून तिथं चुरचुरत होतं. कॅनव्हास कडेला अर्धा इंच आत घ्यायला हवं होतं, हे तिला आता सुचलं. सगळे कुरडया घालायला छतावर गेले तसा तिनं खालचा हुक काढला. मग दुसरा. श्वास जरा सुटला.

दारात चपला काढल्याचा आवाज आला. कुणीतरी विचारपूस करायला आलं होतं. महानंदानं दोन्ही हुक पुन्हा लावले आणि उशी जवळ घेतली.