इंजिनावर उधळलेला भंडारा

मी देवभोळा नव्हे. आजही कुणी तसं म्हटलं की मला राग येतो. रे रोडच्या लाकडाच्या वखारींचा माल वाहणारा एक जुना ट्रक माझ्याकडे होता. त्याचा ड्रायव्हर मी आणि मिस्त्रीही मीच. सासूबाई वरळी कोळीवाड्यातल्या, खंडोबाच्या भक्त. त्यांनी गाडीत टांगायला भंडाऱ्याची, म्हणजे देवाच्या हळदीची, पुरचुंडी दिली होती. दोस्त हसतील म्हणून मी ती पान्यांच्या पेटीत तळाशी दडपली होती.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. शहरात कडकडीत हरताळ. भर दुपारी मेव्हणा सायकल दामटत वखारीत आला. "दाजी, ताई अडलीय. सुईणीनं हात टेकले. परळला इस्पितळात न्या म्हणते, पण टॅक्सी नाही, काही नाही. तुमची गाडी आणा!" बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. तो तसाच मागे फिरला आणि मी गाडी काढली.

गाडीचं दुखणं मला ठाऊक होतं. आठवडाभर रेडिएटरमधलं पाणी गायब होत होतं आणि खाली जमिनीवर थेंब दिसत नव्हता. मी दोनदा रबरी नळी बदलली आणि खोड गेली म्हणून छातीठोक सांगत सुटलो. प्रभादेवीला पोचलो, तर बॉनेटमधून वाफेचा लोट उठला आणि गाडी बंद पडली.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सगळ्या खिडक्या बंद. कावळासुद्धा ओरडत नव्हता. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण त्याची गाजही येईना. मी वेड्यासारखा तापलेलं इंजिन चाचपत होतो, बोटं पोळत होती, गळती सापडत नव्हती. बायको गेली तर माझ्या शहाणपणापायी जाईल, असं मनात आलं आणि मी रडलो. खोटं कशाला सांगू!

मान वर केली तर समोर घोंगडी पांघरलेला म्हातारा. पायाशी पांढरं कुत्रं. एवढ्या उन्हात ते धापा टाकत नव्हतं, शेपूटही हलवत नव्हतं. पाऊल वाजलं नव्हतं.

"तापल्या इंजनावर गळती दिसंल व्हय रं? थेंब पडायच्या आधीच वाफ हुतीया. निवू दे. पुसून कोरडं कर, पाणी भर, आन् पेटीतला भंडारा उधळ."

पेटीतला! याला कसं कळलं? बायको तिकडे अडलेली आणि मी इथे हातावर हात ठेवून इंजिन निवण्याची वाट बघत बसलो. मग इंजिन पुसलं, गाडीतल्या डब्यातलं पाणी रेडिएटरमध्ये भरलं, गाडी चालू केली आणि मूठभर भंडारा उधळला. सगळं इंजिन पिवळं झालं. बघता बघता पाण्याच्या पंपामागे एक बारीक रेघ ओली होऊन गडद झाली. केसाएवढी चीर!

"साबण दाब तिथं. झाकण सैल ठिव, वाफ कोंडू नगंस."

पेटीतल्या धुण्याच्या साबणाचा गोळा मी चिरेत दाबून भरला, रेडिएटरचं झाकण सैल केलं. वळून बघतो तो लांबपर्यंत रस्ता मोकळा.

कोळीवाड्याच्या तोंडाशी गाडी लावली, बायकोला घरातून उचलून आणलं आणि केबिनमध्ये सासूबाईंच्या मांडीवर टेकवलं. परळपर्यंत गाडी थेंबभरही गळली नाही. मुलगी झाली. दोघी वाचल्या.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी बायकोच म्हणाली, "वाटभर मी कळवळून ओरडत होते, तुम्ही ऐकलंत का?"

"कळा येत होत्या ना तुला."

"कळांसाठी नाही हो. ते पांढरं कुत्रं गाडीच्या अगदी पुढे धावत होतं. चिरडाल म्हणून ओरडत होते."

मला रस्ता सबंध वेळ रिकामाच दिसला होता. मी तिथेच खाली बसलो आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

पुरचुंडी आता काचेसमोर लटकते. हसणारे हसोत. गाडी चालू केल्यावर मी अजून क्षणभर थांबतो, त्याला पुढे होऊ देतो आणि मगच निघतो.