तडा की चरा

आमच्या ह्यांनी सायकल विकायला काढली आणि जाहिरात स्वतःच लिहिली. ती जशीच्या तशी देते. "गिअरची सायकल विकणे आहे. फ्रेमला तडा असण्याची दाट शक्यता. चालवणाऱ्याच्या जिवाला धोका संभवतो. चौकशी सायंकाळी पाच ते सात."

मी वाचून म्हटलं, "अहो, ही जाहिरात आहे की इशारा?"

"खरं तेच लिहिलंय. लोकांना फसवून मला सायकल विकायची नाही."

खरेपणाचा हा झटका नवीनच होता. स्कूटर विकताना ह्याच गृहस्थांनी "एका हातची" असं लिहिलं होतं आणि ती आमच्याआधी दोघांनी वापरलेली होती.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी सायकल घेतली. तिच्याबरोबर हेल्मेट, गॉगल आणि गादी शिवलेली एक घट्ट चड्डी आली. ती मी आजतागायत बाहेरच्या दोरीवर वाळत घातलेली नाही. दर रविवारी पहाटे हे कात्रजचा जुना घाट चढायचे, उतरून यायचे, वाटेत दोन प्लेट इडली खायचे आणि घरी येऊन वजनकाट्याला नावं ठेवायचे. अशाच एका रविवारी घाट उतरताना पडले. मनगट मोडलं, कोपराला टाके पडले. हेल्मेट होतं म्हणून तेवढ्यावर निभावलं.

का पडले, याचं उत्तर ह्यांना हँडलखाली सापडलं. खालची जाड नळी जिथं पुढच्या नळीला मिळते, तिथं दोन बोटं लांब, केसासारखी बारीक रेघ होती. ह्यांच्या मते तो तडा. फ्रेमनं दगा दिला म्हणून पडलो. माझ्या मते तो चरा. सायकल रस्त्यावर घासत गेली तेव्हा रंगावर उठलेला. प्लास्टरच्या पहिल्या आठवड्यात हे भेटायला येणाऱ्यांना सांगत, "फ्रेम जराशी हलली असावी." तिसऱ्या आठवड्यात 'कट्' असा आवाज आला होता. प्लास्टर निघेपर्यंत तो आवाज मागच्या ट्रकवाल्यालाही ऐकू गेला होता.

मला खरं तर फ्रेमशी काही देणंघेणं नव्हतं. जिन्याखालची जागा मोकळी व्हावी आणि हे पुन्हा त्या घाटात जाऊ नयेत, एवढंच हवं होतं. तडा म्हटलं की गिऱ्हाईक फिरकणार नाही, म्हणून मी चऱ्याच्या बाजूची.

तरी एक गिऱ्हाईक आलंच. आयटीतला मुलगा. त्यानं मोबाइलच्या उजेडात रेघ नीट पाहिली आणि म्हणाला, "काका, हा जस्ट पेंटवरचा स्क्रॅच आहे. फ्रेम एकदम ओके वाटतेय. मी घेतो ना."

एखादा आनंदला असता. ह्यांचा चेहरा पडला. "तुम्ही आईवडिलांना विचारून आलायत का?" ह्यांनी विचारलं. मग त्याला तो 'कट्' आवाज सांगितला, घाटातलं वळण सांगितलं, मनगट दाखवलं. मुलगा "विचार करून कळवतो" म्हणाला आणि गेला तो गेलाच.

"दुकानदार आपल्याच मालाला नावं ठेवतोय, हे मी आजच पाहिलं," मी म्हटलं.

"तुला माणसाच्या जिवाची किंमत नाही," हे म्हणाले आणि पेपर उघडून त्याच्यामागे गेले.

दुसरं गिऱ्हाईक खडकीहून आलं. साधारण ह्यांच्याच वयाचे, इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ. कारखान्यात धातूचे भाग तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. जाहिरातीतला 'तडा' वाचूनच आलो, म्हणाले. ह्यांनी आवाज, वळण, मनगट अशी सुरुवात केली, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "आपण सांगू नका. ती सांगेल."

त्यांनी पिशवीतून काचकागद आणि खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली काढली. बाटलीत रॉकेल होतं. ते आता कुठे मिळतं, हे मी विचारलं नाही. ह्यांच्या परवानगीनं त्यांनी त्या जागेचा रंग खरवडला. खाली पांढरा धातू दिसायला लागला, तो पुसून त्यावर रॉकेल लावलं. तडा असेल तर रॉकेल त्यात शिरेल, म्हणाले. मग वरून पुसून पांढरी पूड टाकायची. आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पुडीवर रेघ उमटते.

"घरात खडू आहे का वहिनी?"

मी मुंग्यांचा खडू आणून दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. "तडा शोधायचाय. मारायचा नाही."

"मग अंगाला लावायची पावडर चालेल?"

"वासाची आहे?"

"मोगऱ्याची."

"चालेल. नळीला नाक नाही."

रॉकेल मुरेपर्यंत चहा झाला. मग त्यांनी नळी कोरडी पुसली, तळहातावर पावडर घेऊन फुंकली आणि आम्ही तिघं त्या दोन बोटांच्या जागेवर वाकलो. हे इतके जवळ गेले की त्यांच्या नाकाला पावडर लागली. मी हसले. मला मजाच येत होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पावडर पांढरीस्वच्छ राहिली.

"तडा नाही," गृहस्थ म्हणाले. "रंगावरचा चरा होता. दांडगी आहे सायकल."

"पुन्हा एकदा बघता का?" हे म्हणाले.

त्यांनी पुन्हा सगळं केलं. रॉकेल, पुसणं, पावडर. रेघ नाही. मग ते सायकल घेऊन गल्लीत एक चक्कर मारायला गेले. हे पायरीवर बसले. मी तोंड उघडणार होते. काय बोलायचं तेही ठरलं होतं, चांगलं धारदार वाक्य होतं.

"वळण मला दिसलंच नाही," हे म्हणाले. माझ्याकडे न बघता. "डोळ्यांपुढं एकदम काळोख आला. पुढचं आठवत नाही. उठवलं तेव्हा रस्त्यावर होतो."

मी शेजारी टेकले. "आधी कधी झालं होतं असं?"

"दोनदा. घरात. तू भाजी आणायला गेली होतीस."

राग आला, भीती वाटली, आणि सगळ्यात जास्त स्वतःची लाज वाटली. दोन महिने मी ह्या माणसाची टिंगल करत होते, आणि हा माणूस दोन महिने त्या रेघेला धरून बसला होता.

गृहस्थ घंटी वाजवत परत आले. उतरून म्हणाले, "फर्स्ट क्लास आहे. एवढी चांगली सायकल विकताय कशाला?"

आता ह्यांचं नेहमीचं तिरकस उत्तर येणार, असं मला वाटलं. हे नाकावरची पावडर पुसत उठले आणि म्हणाले, "चालवणाऱ्याची तपासणी राहिलीय. उद्या सकाळी जातोय."

दवाखान्याचं नावसुद्धा मी अजून काढलं नव्हतं.

लग्न झाल्यापासून ह्यांच्याशी घातलेल्या वादांत इतकी निर्विवाद मी कधीच जिंकले नव्हते. गृहस्थ सायकल घेऊन निघाले तेव्हा मी त्या पांढऱ्या नळीकडे बघत होते. एक केसाएवढी काळी रेघ तिच्यावर उमटली असती, तर मी जन्मभर हरायला तयार होते.