मी बोलत नाही, वाचते

गेल्या मार्चमध्ये, बाजार समितीच्या मतदानाच्या दोन दिवस आधी, दुपारी बारा वाजता ‘जावक क्रमांक’ या बँडने आपला शेवटचा कार्यक्रम केला. जागा मार्केट यार्डातला भुसार विभाग, एका आडत्याच्या गाळ्यासमोरचा रस्ता. गाणं एकच होतं आणि ते चार मिनिटांत संपलं. त्यानंतर बँड वाजलेला नाही.

या बँडची गायिका मला सात वर्षं माहीत होती. तुमच्यापैकी काहींनी तिला पाहिलं असेल: एखाद्या क्षेत्रीय कार्यालयाच्या फाटकाबाहेर, कॉलेजच्या भिंतीला लागून, नाहीतर कुणीतरी मोबाइलवर पाठवलेल्या व्हिडिओत. पाहिलं असेल तर हातातल्या कागदासकट. गाण्याआधी ती चष्मा कपाळावर सरकवायची, कागद नाकाशी धरायची आणि बँकेतल्या कारकुनाच्या आवाजात सांगायची, “मी बोलत नाही, वाचते.” मग ड्रम सुरू व्हायचा आणि ती किंचाळायला लागायची.

बँडचा नियम एकच होता. गाण्यातला एकही शब्द स्वतःचा नाही. नोटिसा, परिपत्रकं, पंचनामे, अर्जांना आलेली उत्तरं. जसं असेल तसं. चाल म्हणावी अशी काही नव्हती. तीन सूर, फाटक्या आवाजाची गिटार, दोन मिनिटांचा दणका. शब्द मात्र लख्ख ऐकू यायचे. ‘आपणास कळविण्यात येते की’ एवढंच ती आठ वेळा म्हणायची, आणि आठव्या वेळेला त्या वाक्याची भीती वाटायची.

ती सदाशिव पेठेत झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात कामाला होती. दिवसभर वकिलांची प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या नोट्स. गिटारवाला तिला दुकानातच भेटला. तो चंद्रपूरकडून परीक्षेसाठी आलेला, पूर्वपरीक्षेत दोनदा अडकलेला. ड्रमर मंडईमागचा. त्याच्या घरी तीन पिढ्यांचा लग्नाचा बँड होता आणि लाल डगला घालून वरातीपुढे चालायचा त्याला कंटाळा आला होता. तिघांचं पहिलं गाणं म्हणजे तिच्या वस्तीत चिकटवलेली पाणी बंद राहण्याची सूचना. ती त्यांनी कार्यालयाच्या दारात सलग तीन सोमवार वाजवली. चौथ्या सोमवारच्या आत पाणी आलं.

एकदा एक पोलीस निरीक्षक कार्यक्रम थांबवायला आले. मी तिथे होतो.

“सरकारला शिव्या देताय का?”

“नाही साहेब. वाचतेय.”

“काय वाचताय?”

“झाडं तोडायच्या परवानगीचं पत्र. घ्या, बघा.”

निरीक्षकांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं, घडी करून परत दिलं. “पत्र ठीक आहे,” ते म्हणाले, “मोठ्यानं वाचलं की वाईट वाटतं. हळू वाचा.”

तिने पुढचं कडवं कुजबुजत म्हटलं. टाळ्या जास्त पडल्या.

मी वर्तमानपत्रात बातमीदार; मला तिच्याकडे पहिल्यांदा पाठवलं होतं ते पुरवणीसाठी. ‘तरुणांचा नवा आवाज’ असं काहीतरी हवं होतं. टिळक रस्त्याजवळच्या एका तळघरात चाळीसेक पोरं जमली होती. चौथ्या गाण्याला तिने वर्तमानपत्राचं पिवळं कात्रण काढलं. “मी बोलत नाही, वाचते. मार्केट यार्डात झोपेत असताना थप्पी कोसळून हमालाचा मृत्यू.” थप्पी म्हणजे एकावर एक रचलेली पोती. दुसऱ्या ओळीला माझ्या लक्षात आलं की मजकूर माझा आहे.

बातमी चार ओळींची होती. संध्याकाळी पोलीस ठाण्यात फोन केला, ठाणे अंमलदाराने गाळामालकाच्या जबाबावरून सांगितलं, मी लिहून घेतलं. दुसऱ्या कुणाला विचारलं नव्हतं. हमाल तिचे वडील होते.

कार्यक्रम संपल्यावर ती वायरी गुंडाळत होती.

“अहो, तुमचीच ना ती?”

“हो. पोलिसांनी दिली तशी घेतली.”

“घेतलीत. बरोबर. चार ओळींत माणूस झोपवलात.”

तिने सांगितलेलं मी नंतर तपासलं. त्या दिवशी गाड्या जास्त आल्या होत्या, गोदामात जागा नव्हती. रोजच्यापेक्षा सहा थर जास्त लावले होते. शेठनी, म्हणजे गाळ्याच्या मालकाने, तिच्या वडिलांना वर चढून पोती खाली द्यायला सांगितलं. थप्पी ढासळली. बघणारे दोन हमाल होते. दोघांनाही दुसऱ्या दिवशी त्याच गाळ्यावर काम हवं होतं. शेठनी जबाब दिला की मयत थप्पीच्या सावलीला झोपला होता. नोंद अकस्मात मृत्यूची झाली आणि कागद बंद झाला.

तिची आई मंडईबाहेर मिरच्या-लिंबं विकते. वस्तीच्या नळावर तिला ‘झोपून मेलेल्याची बायको’ म्हणायचे. एका बाईने हंडा पुढे सरकवत विचारलं होतं, “काय गं, तुजा नवरा जागा कदी असायचा?” त्या दिवसापासून आई दोन गल्ल्या सोडून पलीकडच्या नळावर जायची.

तिला भरपाई नको होती. तिला एक वाक्य हवं होतं: बाप जागा होता. आणि ते ज्याने खोटं सांगितलं त्याच्याच सहीचं हवं होतं.

मी संपादकांना विचारलं, खुलासा छापू या का. “कागद आहे?” ते म्हणाले. कागद नव्हता. मी तिला तसं कळवलं.

“म्हणजे खोट्याला फोन पुरतो,” ती म्हणाली, “खऱ्याला कागद लागतो. आणते.”

कागद कसा आणायचा याची तिची एक पद्धत होती आणि ती तिने मला चहा पिता पिता समजावून सांगितली. “माणूस चिडला की बोलतो. जास्त चिडला की वकिलाकडे जातो. वकील लिहितो. लिहिलं की आपलं.”

त्यानंतरची सहा-सात वर्षं तिने शेठना चिडवलं. शेठ गणेश मंडळाचे अध्यक्ष होते. मंडळाच्या रक्तदान शिबिरासमोरच्या फुटपाथवर बँड. शेठचा सत्कार असला की सभागृहाबाहेर बँड. प्रत्येक वेळी परवानगीचा कागद खिशात. गाणं तेच, माझ्या चार ओळी. शेठचं नाव कधी घेतलं नाही, कारण बातमीत ते नव्हतं. ती नुसती त्यांच्याकडे बघून वाचायची.

शेठच्या मुलीच्या साखरपुड्यालाही ती गेली. पाहुणे गाडीतून उतरत होते आणि समोरून ‘झोपेत असताना, झोपेत असताना’ चाललं होतं. मुलगी हिरव्या साडीत दारात उभी राहून रडली. मी तिला नंतर म्हणालो, “त्या मुलीचा काय दोष?”

“माझा काय होता?”

“तिचं वय तरी बघा.”

“बघितलं. वीस. माझंही तेवढंच होतं.” मग कागद पिशवीत ठेवताना म्हणाली, “साडी चांगली होती तिची. आईला तसला रंग आवडतो.”

आई तालमीला यायची. ड्रमरच्या काकांच्या दुकानामागे, फुंकवाद्यांच्या पेट्यांमध्ये तालीम चाले. आई स्पीकरवर बसून मटार सोलायची. मला वाटायचं, या बाईच्या कानांचं काय होत असेल. एकदा गाणं संपल्यावर मुलीने विचारलं, “आई, लई मोठं होतंय का गं?”

“मोटं कुटं?” आई म्हणाली. “शेटच्या गाळ्यापत्तुर जायला पायजे.”

सूड लेकीचा आहे असं मी तोवर समजत होतो.

गेल्या वर्षाच्या अखेरीस शेठनी बाजार समितीची निवडणूक लढवायचं जाहीर केलं. बँड प्रचारसभांना जायला लागला. जानेवारीत रजिस्टर पोस्टाने वकिलाची नोटीस आली, पाच पानी. बदनामी, मानसिक त्रास, सात दिवसांत जाहीर माफी. तिने मला फोन केला. इतकी आनंदात ती कधी बोलली नव्हती.

“आली! कसली लांब आहे म्हणून सांगू! दोन गाणी होतील.”

मी तालमीला गेलो. नोटिशीची भाषा जड होती, ताल सापडत नव्हता. पान तीनवर अडलं. तिने तो परिच्छेद दहा-बारा वेळा वाचला. ‘आमचे अशील यांनी मयतास थप्पीवर चढण्यास कधीही सांगितलेले नव्हते. मयत हे स्वतःच्या मर्जीने थप्पीवर चढून वरची पोती खाली देत असताना सदर दुर्घटना घडली.’

ड्रमरने काड्या खाली ठेवल्या.

“थांब, थांब. परत वाच.”

“तेराव्यांदा?”

“अगं वाच तर. जुन्या गाण्यात हा माणूस खाली झोपलाय. इथं तोच वर चढून पोती देतोय. मग हा उठला कधी?”

गिटारवाल्याने ॲम्प बंद केला. शेठनीच वर चढवलं ही यार्डातली कुजबुज नाकारायला वकिलाने जे लिहिलं, त्याने अशिलाचा जुना जबाब पुसून टाकला होता. एकदा वाचून ते कुणाच्याही लक्षात आलं नसतं. माझ्याही आलं नव्हतं.

आईने मटारची परात बाजूला ठेवली. “म्हंजी त्यांनी लिवलं?”

“लिहिलं आई.”

“वाच. सावकास वाच.”

दुसऱ्या दिवशी मी नोटिशीची प्रत संपादकांच्या टेबलावर ठेवली. खुलासा छापून आला, पाचव्या पानावर तळाला, तीन ओळी. मी कात्रण घेऊन दुकानात गेलो. तिने ते वाचलं, नखाने कडा सरळ केली. “बातमी पहिल्या पानावर होती,” म्हणाली. “ठीक आहे. हेही वाचणार.” आणि वाचलं. पुढच्या तीन कार्यक्रमांत मी प्रेक्षकांत उभा होतो.

नोटिशीचं गाणं यार्डात पोरांच्या मोबाइलवर वाजू लागलं. शेठच्या विरोधकांनीही ते फिरवलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात शेठ स्वतः वस्तीत आले, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. तिने मला आधीच बोलावून घेतलं होतं. “तुम्ही बसा. या वेळी समोर बसून लिहून घ्या.”

शेठ पलंगाच्या कडेला टेकले. “वहिनी, झालं गेलं विसरा. चूक झाली. माफी मागतो.”

“लिवून द्या,” आई म्हणाली.

“तोंडानं मागतोय ना?”

“तोंडानंच तर मारलं तुमी.”

शेठनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “लिहून दिलं तर ती गाणी बंद?”

“तुमच्यावरची आजपर्यंतची सगळी गाणी बंद,” ती म्हणाली. “शब्द देते.”

तिने वहीचं पान पुढे केलं. शेठनी लिहिलं, ‘तुमचे यजमान त्या वेळी झोपलेले नव्हते. तसे चुकून सांगितले गेले.’ तिने चष्मा कपाळावर सरकवून ते वाचलं आणि पान परत दिलं.

“सांगितले गेले नाही. मी सांगितले. आणि ते चुकून खोडा.”

शेठनी पेन परत उचललं. त्यांनी खोडलं, लिहिलं, सही केली, तारीख टाकली. उठताना म्हणाले, “हे आता घरात ठेवा. बाहेर काढू नका.”

“तुम्ही बापाला घरात झोपवलं होतं का?” ती म्हणाली.

पेढ्यांचा बॉक्स आईने त्यांच्या हातात परत दिला.

तिने शब्द पाळला. जुनी गाणी एकही वाजली नाहीत. चार दिवसांनी भुसार विभागात वाजलं ते नवं होतं. गाळ्यात शेठ आणि त्यांचे कार्यकर्ते बसलेले, बाहेर हमाल, टेम्पोवाले, तोलणार. ती म्हणाली, “मी बोलत नाही, वाचते,” आणि शेठचं पत्र तारखेपासून सहीपर्यंत वाचलं. खोडलेला शब्दही वाचला. शेठ गाळ्यातून बाहेर आले आणि तिथेच थांबले. त्यांच्या मागे जाऊन कुणी उभं राहिलं नाही.

तिसऱ्या मिनिटाला तिने माइक आईपुढे धरला. आईच्या हातात कागद नव्हता. आई किंचाळली नाही, ओरडलीही नाही. “माजा नवरा कामावर व्हता,” एवढं म्हणाली. ड्रम थांबला होता, म्हणून ते पार टोकापर्यंत गेलं. थप्पी ढासळताना बघणाऱ्या दोन हमालांपैकी एक गर्दीत होता. त्याने डोक्यावरचं पोतं खाली ठेवलं.

शेठ निवडणुकीत पडले. त्या हमालाने पुढच्या आठवड्यात पोलिसांकडे जाऊन जबाब दिला. पत्र आणि नोटीस जोडून फेरचौकशी झाली, शेठवर गुन्हा दाखल झाला, त्यांना जामीन मिळाला. ड्रमर वरातीत परत गेला आहे. गिटारवाला परीक्षा पास होऊन सरकारी नोकरीत आहे. तिने मेमध्ये दुकान सोडलं. दुकानमालक म्हणतात, “आठ दिवस आधी सांगितलंन. टेबल पुसून गेली.” तिचा फोन लागत नाही.

पोलिसांच्या सुधारित नोंदीत वडिलांच्या मृत्यूसमोर ‘कामावर असताना’ असं लिहिलेलं आहे. प्रमाणित प्रतीसाठी तिनेच अर्ज केला होता आणि प्रत जुलैत तयार झाली. मी मंडईत जाऊन आईला सांगितलं.

“ऱ्हाऊ द्या तितंच,” मिरच्यांवर पाणी मारत ती म्हणाली. “त्यांनी वाचावं.”

“आणि लेक?”

“हाय कुटं तरी.”

ऑगस्टच्या अखेरीस मी पोलीस ठाण्यात विचारलं. प्रत कपाटात होती. ‘मिळाली’ या रकान्यात सही नव्हती.