सपाट पत्र्यावरची अक्षरं

अगं भाचीबाई, इकडं जवळ सरकून बस. उभ्या उभ्या चहा पिऊन पळायचं, ही कुठली रीत ग तुझी? छापखान्याचं विचारलंस ना, मग ऐक निवांत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शाहूपुरीत आमचा लहानसा छापखाना. तुझे काका मशीन चालवायचे, मी शिशाचे खिळे जुळवायची. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, तेव्हा कागदावर सुलट उमटतं. उलटं वाचायची नजरच झालेली माझी.

मग ह्यांनी आमचं जुनं खिळ्यांवर छापणारं मशीन, ट्रेडल, बदल्यात देऊन वापरलेलं ऑफसेट मशीन घ्यायचं ठरवलं. विकणाऱ्यानं मशीन आणून मांडलं, ट्रेडल न्यायला टेम्पो दारात उभा. मी ऑफसेटची छापायची प्लेट हातात घेतली. गुळगुळीत पत्रा, अक्षराला उंची म्हणून नाही, वर अक्षरं सुलट. म्हटलं, फसलो. ट्रेडल गेलं आणि हे चाललं नाही तर खायचं काय?

"पावणं, सुलटावरनं कागदावर उलटं यील की."

"वहिनी, बघा तर."

त्यानं प्लेट मशीनवर चढवली, तिच्यावर आधी पाणी सोडलं, मग शाई. शाईत पाणी म्हटल्यावर माझा संशय दुप्पट. पण कागद निघाला तो सुलट, झकास. हा घरनंच छापून आणला असणार, म्हणून मी आतनं हळदीचं बोट आणून कोऱ्या कागदाला पुसलं.

"आता ह्यो घाला."

"उद्या दूधवाल्याच्या कॅनलापण हळद लाव," हे म्हणाले. "पावण्याला चोर ठरवतीस व्हय?"

"चोर न्हाय म्हणत. कागद घाला म्हणतीया."

हळदीचा कागदही सुलटच आला. मग मी मशीन थांबवायला लावलं. आत रबर गुंडाळलेला एक रूळ, आणि त्यावर अक्षरं उलटी. मी धडाधडा वाचली. प्लेट कागदाला शिवतच नव्हती. शाई आधी रबरावर उलटी, तिथनं कागदावर सुलट. अक्षराची जागा तेलकट शाई धरते, मोकळी जागा पाणी धरते, म्हणून तिथं शाई बसत नाही. खरकटी तेलकट कढई धुणाऱ्या बाईला हे पटायला वेळ लागत नाही.

तरी ट्रेडल सोडलं नाही मी. "हातातल्या ऑर्डरीच्या लग्नपत्रिका ह्याच्यावर निघू द्या, मग न्या." टेम्पो रिकामा परतला. पत्रिका निघाल्या, मुलीकडच्यांनी निरखून नेल्या, तेव्हा कुठं ट्रेडलला हात लावू दिला. त्या मशीनवर पुढं आमचं घर चाललं.

बरं, आता असं वर्षानं नको उगवूस. येत्या रविवारीच ये, पोरांना घेऊन, जेवायलाच.